नणंदेनं दिलेली उत्तरं

माझी नणंद घरातच ब्यूटी पार्लर चालवते. हाताला गुण आहे आणि जिभेला धार. तिच्या एकुलत्या एका लेकीच्या गालांवर मुरुमांनी ठाण मांडलं, तेव्हा एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "आधी घरचं बघा की!" ते नणंदेला फार झोंबलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी क्वचित कुणाचं मन खचतं, लक्ष ठेवा, असंही बजावलं. चार महिन्यांत गाल लख्ख झाले. नणंद लेकीला पार्लरमध्ये उभी करून सांगायची, "माझ्या लेपाची कमाल!" पोर मात्र जेवण टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

या खेपेला तपासणीला मीही सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "मन कसं आहे?"

"अगदी मजेत आहे," नणंद म्हणाली.

"तिला बोलू द्या."

पोर माझ्याकडे बघत म्हणाली, "मामी, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. कशासाठी उठायचं?"

डॉक्टरांनी गोळी तिथेच बंद केली. कारण गोळीच असेल असं नाही, पण वाट बघत बसायचं नाही, असं म्हणून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे आत्ताच जायला सांगितलं.

जिन्यात नणंद उखडली. "दोनच महिने राहिले होते, वहिनी! दर खेपेला मी कसंबसं निभावून नेत होते."

म्हणजे पोरीचं काय चाललंय, ते तिला दर खेपेला ठाऊक होतं. मी भाचीचा हात धरला आणि तिच्या आईला न विचारता रिक्षा थांबवली.