खंडेनवमीचं कुंकू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही प्रदीपला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही दोघे नाशिकचे. तो नाशिकरोडचा, मी मखमलाबादचा, घरी झेंडूची शेती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागलो. काम लेझरचं — पण लेझर साधासुधा नव्हे. सेकंदाचे हजार भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, असं पाच वेळा; असल्या काळात मोजावा लागणारा प्रखर झोत. आर्गॉन वायू बारीक भोकातून निर्वात पेटीत सोडला की गारठून त्याच्या अणूंचे पुंजके होतात. सुटा अणू त्या झोतातली थोडीच ऊर्जा घेतो. पुंजका मात्र अधाशासारखी पितो आणि फुटतो. का? हा प्रश्न प्रदीपचा होता. सगळी मांडणीही त्याचीच.

झोत इतका आखूड व्हायचा तो ग्रेटिंगमुळे — काचेवर सोन्याचा थर, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा. तिला बोट लावायचं नाही, पुसायचं तर नाहीच नाही. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

खंडेनवमीला यंत्रं पुजायची आमची रीत. प्रदीपनं दुपारी माझ्यादेखत ग्रेटिंगच्या पेटीचं झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि तो नागपूरला निघाला — दसऱ्याला दीक्षाभूमीवर. मी घरचा झेंडू वाहिला, पेटीला बाहेरून हळदकुंकू लावलं. तिथेच थांबायला काय झालं होतं? पण खरं यंत्र तर आत — म्हणून झाकण उघडलं. पंख्याच्या वाऱ्यानं चिमूट उडाली. सोन्यावर कुंकू! घाबरून मी ते रुमालानं पुसलं, झाकण कसंबसं टेकवलं आणि घर गाठलं.

सुट्टीनंतर लेझरला ताकद येईना. पेटी पाहिली, तर झाकण सैल, ग्रेटिंगवर ओरखडे. ‘नागपूरला पळायची घाई, दुसरं काय!’ कोणीतरी म्हणालं — आणि ते सगळ्यांना किती चटकन पटलं! माझी पूजा कोणाच्या मनातही आली नाही. का आली नाही, हे तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हाच कळलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं.

सरांसमोर प्रदीप माझ्याकडे वळला. “तू होतास ना तिथे? सांग ना, मी स्क्रू लावले होते.”

“मला नीट आठवत नाही,” मी म्हणालो.

नवी ग्रेटिंग परदेशातून यायला फार दिवस गेले. त्याची फेलोशिप वाढवली नाही. त्याचा प्रश्न मला मिळाला, त्याची मांडणीही. डॉक्टर मी झालो. आता नाशिकच्या कॉलेजात मुलांना उपकरणं जपून हाताळायला शिकवतो — लाज वाटते, तरी शिकवतो.

प्रदीप नाशिकरोडला बारावीचे क्लास घेऊ लागला. काही वर्षांनी नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळ भेटला, चहाला बसलो. विषय त्यानंच काढला.

“राहिले असतील रे स्क्रू माझ्याकडून. घाईत होतो ना मी.”

माझ्या चार शब्दांनी त्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही उडाला होता. आता सर समोर नव्हते, फेलोशिपची भीती नव्हती, ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

“होतं असं घाईत,” मी म्हणालो.