मोटारवाल्या चाचांचं बीड

आमच्या मोटारवाल्या चाचांइतकं बीड शहर दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही, फक्त त्यांना ते खालून माहीत आहे. उभा जन्म विहिरींतल्या नि बोअरमधल्या मोटारी काढण्यात आणि परत खाली सोडण्यात गेला, त्यामुळे जमिनीवर काय काय उगवलंय हे बघायला त्यांना सवडच झाली नाही. आमची कॉलनी त्यांच्या लेखी कॉलनी नाहीच, ती 'जांभळीची विहीर'. एकदा एका लग्नाला जायचं म्हणून मी त्यांना पत्ता विचारला. "खाऱ्या विहिरीच्या अंगानं जा," म्हणाले. आहेराचं पाकीट खिशात घालून मी तासभर एका मोटारसायकलच्या शोरूमभोवती फिरत होतो. खारी विहीर त्या शोरूमच्या खाली गाडलेली आहे, हे मला कोण सांगणार!

फरशीचा त्यांना भारी राग. बायकोनं हौसेनं अंगणभर फरशी बसवून घेतली, तर चपला काढून तिच्यावर उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "भाबी, फरशी लई झकास हाय. पण पावसानं आता खाली कुठून जावं? जिना कावून न्हाई ठेवला?" चाचांना जणू मीच पढवून पाठवलं होतं, अशा थाटात बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कॉलनीच्या मधोमध ती जांभळीची विहीर होती. काठचं जांभूळ, प्लॉट पाडले तेव्हाच गेलं. विहिरीत मग कुणी निर्माल्य टाकी, कुणी फाटक्या गाद्या. डास होतात, एखादं लेकरू पडेल, म्हणून ती बुजवून गाड्या लावायला जागा करायचं ठरलं. मी कॉलनीचा सेक्रेटरी. कळल्याबरोबर चाचा सकाळीच दारात हजर. हा माणूस कधी कुणापुढं हात जोडत नसे, त्या दिवशी जोडले. "सर, वरून जाळी टाका, मी बसवून देतो. गच्च्यांचं पाणी हिच्यात सोडा. हिच्या जिवावर तुमचे समदे बोअर जगतेत."

"चाचा, सगळ्यांनी मिळून ठरवलंय," मी म्हणालो. खरं तर ठराव मीच लिहिला होता. दोन दिवसांत मुरूम टाकून विहीर सपाट झाली.

यंदा होळीच्या आधीच आमचा बोअर आटला. चाचांना बोलवायची लाज वाटत होती, तरी बोलावलं. आता ते टोमणा मारणार, म्हणून मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पण ते थेट बोअरपाशी गेले. उरलेले दोन पाइप जोडून त्यांनी मोटार पार तळाला सोडली, बटण दाबलं आणि बोअरच्या तोंडाशी वर आलेल्या केसिंगच्या नळीला कान लावून बसले. वर नुसती हवा आली.

"चाचा, चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी पाने-पकडी गोळा करून पिशवीत टाकल्या. मग म्हणाले, "तुमी एकट्यानं कशाला घेता सर? तुमी वरून बुजवलं, मी खालून उपसून दिलं. दर उन्हाळ्याला एक पाइप वाढवला. लोकं दुवा देत गेले, मलाबी बरं वाटत गेलं."

 तेवढ्यात गल्लीत टँकर आला. बायका हंडे घेऊन धावल्या, ढकलाढकली सुरू झाली, तेव्हा चाचाच पुढे झाले आणि टँकरचा पाइप हातात धरून एकेकीची घागर भरून देऊ लागले. जन्मभर जमिनीतलं पाणी वर काढणाऱ्या माणसाला तसं उभं बघून मला फार वाईट वाटलं. मी घरात गेलो आणि आमची बादली घेऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.