पंपावरचं कुंकू

भास्करभाऊ गेल्याचं मला रस्त्यात कळलं, हातात भाजीची पिशवी असताना. नाशिकच्या जेलरोडला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला जुना सोबती भेटला आणि म्हणाला, "अरे, भास्कर गेला की पहाटे. तुला कोणी कळवलं नाही?" खरं सांगतो, माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी वाटलं, सुटलो. मग तसं वाटल्याचीच भीती वाटली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, तुमचा एवढा घरोबा, दोन शब्द लिहा. लिहितोय, पण लोकांना हवेत तसे ते शब्द नाहीत.

मी जात्याच भित्रा. एकलहऱ्याला मी कंत्राटी फिटर होतो. भास्करभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पंपाच्या कामातले उस्ताद. सिन्नरकडच्या शेतकरी घरातले, बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच राहिलं. चालत्या पंपाला पान्याची दांडी टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. नव्वदीच्या सुरुवातीला ते मस्कतला गेले, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर. दोन-तीन वर्षांनी तिथल्या साहेबाकडे शब्द टाकून त्यांनी मलाही बोलावून घेतलं. आईनं गल्लीभर पेढे वाटले, आणि मी मात्र हे जाणं कसं टळेल ते बघत होतो.

उतरल्या दिवशीच कंपनीच्या माणसानं पासपोर्ट काढून घेतला. सगळ्यांचाच घ्यायचे, पण मला वाटलं, संपलं, आता काही आपण परत जात नाही. पुढचे तीन महिने मी कशाकशाला भ्यालो ते विचारूच नका. लिफ्टला भ्यालो. गाड्या उलट्या बाजूनं यायच्या म्हणून रस्त्याला भ्यालो. साध्या पोलिसाला भ्यालो, सही करायच्या प्रत्येक कागदाला भ्यालो. जेवायला बसलो की वाटायचं, आत्ता कोणीतरी येऊन म्हणेल, चल, बॅग भर. भास्करभाऊंनी मला अक्षरशः बोटाला धरून फिरवलं. बाजरीचं पीठ कुठं मिळतं, घरी फोन कुठून लावायचा, साहेब ओरडला तर किती वेळ गप्प बसायचं, सगळं शिकवलं. "इथं पन पंपच हाय ना? पानीच वढतो ना? मंग कशाला भ्यायचं?" असं म्हणायचे. त्यांच्याशेजारी उभा असलो की तेवढ्यापुरता मी बरा असायचो.

अशात खंडेनवमी आली. एकलहऱ्याला त्या दिवशी प्रत्येक मशीनला कुंकू लागायचं, झेंडूचे हार पडायचे, नारळ फुटायचे. पाना-हातोडीलासुद्धा कुंकू लावल्याशिवाय आम्ही हात घालत नसू. मस्कतला यातलं काही नव्हतं. काय करायचं ते खोलीवर, आपल्या पान्याला कर, असं भाऊंनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. पण माझ्या मनानं घेतलं की ज्या पंपावर आपण काम करतो त्याला कुंकू लावलं नाही तर काहीतरी विपरीत होणार. आईनं दिलेली डबी खिशात होतीच. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी चिमूटभर कुंकू ओलं केलं, तेव्हा माझ्याकडे कामाला असलेल्या राखीव पंपाला बोट टेकवलं आणि हात जोडले. तिथं गेल्यापासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

त्याच दिवशी त्या पंपाची तपासणी चालू होती. लोखंडाला चीर गेलीय का ते बघायला त्यावर लाल रंग लावतात, पुसतात आणि वरून पांढरी पूड फवारतात. चीर असेल तिथं पांढऱ्यावर लाल उमटतं. एकलहऱ्याला हे काम वेगळी माणसं करायची, मला त्याचा गंध नव्हता. ती पूड मला धूळ वाटली. तपासनीस परत आला, पांढऱ्यावर लाल दिसलं, त्यानं पंपाला चीर गेलीय असा शेरा मारला आणि पंप बाजूला काढला. दुसऱ्याच दिवशी चालू पंप बिघडला. राखीव पंप नाही, म्हणून अर्धा दिवस प्लांट बंद, शहराच्या एका भागाला पाणी नाही. मग तो राखीव पंप पुन्हा तपासला, तर लाल डाग ओल्या फडक्यानं निघाला. पंप धडधाकट होता.

साहेबानं आम्हा आठ फिटरांना ओळीत उभं केलं. हे कोणी केलं ते सांगा, नाहीतर आठही जण घरी जाल, म्हणाला. आमच्यातल्या निम्म्यांनी तरी तो डाग कसला ते केव्हाच ओळखलं होतं. माझ्या बोटाला अजून लाली होती, ते मी मुठीत दाबून धरलं होतं. भास्करभाऊंनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, ते थांबले... किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. ते मला वेळ देतायत हे मला कळत होतं. मग ते एक पाऊल पुढे झाले आणि म्हणाले, "सर, मी लावलं."

आठवड्याच्या आत त्यांचा व्हिसा रद्द झाला. ते बॅग भरत होते तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो. "भाऊ, मी साहेबाला खरं काय ते सांगतो," असं म्हणालो आणि मनात म्हणत होतो, देवा, यांना 'नको' म्हणू दे. ते नको म्हणाले नाहीत. शर्टाची घडी घालत म्हणाले, "सांगायचं तर सांग, नाय तर नको सांगू. पन मला इचारू नको." साहेबाच्या खोलीच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो.

मी तिथं अकरा वर्षं काढली. आधी साहेबाला कळेल ही भीती, मग नाशिकला कळेल ही. भाऊंनी जेलरोडला मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तिकडची हवा मानवली नाही, एवढंच ते सगळ्यांना सांगायचे. सुट्टीवर आलो की मी खजूर घेऊन त्यांच्या घरी जायचो. प्रेमानं जायचो असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही गेलो तर संशय येईल, म्हणून जायचो. ते मला पंख्याखाली बसवायचे आणि मी घामाघूम व्हायचो. वाटायचं, आज विषय निघणार. त्यांनी तो कधीच काढला नाही, मी कायमचा परत आल्यावरसुद्धा नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी भाऊंच्या घरी सुमनवहिनींना भेटायला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. बसल्या बसल्या माझा धीर सुटला आणि मी सगळं सांगून टाकलं, कुंकू, ती ओळ, ती मूठ, साहेबाचं दार... इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाटलं, आता या मला उठा म्हणणार.

"ठाव हाय मला, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आले त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी." मग म्हणाल्या, "तुमी आले की ते मला आत धाडायचे. म्हनायचे, चहा लगेच आनू नको. भित्रा हाय तो, तुझ्यापुढं नाय बोलायचा. एकटा असला तर बोलंल."

त्या घरी चहाला फार वेळ लागायचा. घरी येऊन मी बायकोला तसं म्हणायचोसुद्धा. तेवढ्या वेळात मी भास्करभाऊंशी काय बोलायचो ते मला नीट आठवतं. यंदा तिकडं उन्हाळा किती कडक होता, विमानाला किती उशीर झाला, नवा फ्रीज कसा निघाला... ते सगळं ऐकून घ्यायचे. मी उठायला लागलो की माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचे, "बस रे, चहा व्हायचाय अजून."