नवरदेवाची लाल गाडी

निवृत्तीला तीन वर्षे झाली. तपास केलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. सुप्याजवळच्या लाल गाडीचे प्रकरण मात्र अजून तसेच्या तसे समोर उभे राहते, आणि उभे राहिले की जेवण गोड लागत नाही.

मी तेव्हा नगर-पुणे रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. गणपती उठून आठवडा झाला असेल. सकाळी ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, भारीतली गाडी चोरीला गेलीय. फिर्यादी बाहेर बसलाय."

फिर्यादी पस्तिशीचा, औद्योगिक वसाहतीत वायरिंगची कंत्राटे घेणारा. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. त्याने मुंबईहून दहा वर्षे जुनी, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. टप उघडणारी. लग्नसराईत ती नवरदेवांना भाड्याने जायची. आदल्या संध्याकाळी आपण स्वतः चालवत आणून शेडसमोर लावली आणि सकाळी ती जागेवर नव्हती, असे त्याने सांगितले. न मागता दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. गाडी सापडेल का, हे त्याने एकदाही विचारले नाही. विचारले ते एवढेच, "साहेब, विम्यासाठी कागद कधी मिळंल?" माणूस व्यवस्थित आहे, असे मला वाटले.

फिर्याद घेताना मी नेहमीचा प्रश्न केला. "संशय कोणावर?"

तो फाईल चाळायला लागला. "ड्रायव्हर व्हता एक. दोन-तीन महिन्यापूर्वी काढला त्याला."

ड्रायव्हर पाथर्डीकडचा, चाळिशीचा. बायकोसह दरवर्षी ऊसतोडीला जाणारा हा माणूस चार वर्षांपूर्वी कोयता सोडून सुप्यात आला होता. एका खोलीत राहत होता, मुलगी सातवीत होती. एका कारखान्याच्या बसवर त्याला चालकाची नोकरी मिळत होती. त्यासाठीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच ठाण्यात पडून होता. हे त्यानेच पहिल्या दिवशी सांगितले. "साहेब, तेवढा कागद झाला तर पोरीची शाळा सुटनार न्हाई."

मी म्हणालो, "आधी गाडी कुठं आहे ते सांग."

"गाडी हालतच न्हाई साहेब. क्लच जळालाय तिचा."

हवालदार हसला. "तीनशेनं पळणारी गाडी हालत नाही म्हणे."

"पळायलाच केलीय ती. वरातीत डीजेमागं दीड-दीड घंटा मुंगीच्या चालीनं चालवायची. पुढं बाया नाचत्यात, नवरदेव टप उघडून वर बसलेला. मी मालकाला म्हनलं व्हतं, ट्रॅक्टरवर मिरवा, ही नका लावू. आयकलं न्हाई. मग क्लच गेला, तर माझ्यावर घातला आन् काढून टाकलं."

मला ती पळवाट वाटली. फिर्यादी म्हणतो चालवत आणली, हा म्हणतो हालत नाही. कामावरून काढल्याचा राग आहे, हेतू स्पष्ट आहे. गाडीतले मला काही कळत नव्हते आणि ते विचारायचे सुचलेही नाही. चार दिवस त्याला सकाळी बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे, असे चालले. अटक दाखवली नाही. मारहाण केली नाही. पण रोज ठाण्यात जाणारा माणूस गल्लीत सगळ्यांना दिसतो. आणि पडताळणीच्या अर्जावर मी माझ्या पेनने शेरा लिहिला: चौकशी प्रलंबित.

पाचव्या दिवशी बीट हवालदाराला एका मेंढपाळाचा फोन आला. दगडखाणीत मेंढरे पाणी प्यायला उतरली होती. "पान्यावर त्याल आलंय, आन् खाली कायतरी लाल दिसतंय."

क्रेनने गाडी वर काढली. पंचनामा करताना हवालदार पुढच्या बंपरपाशी थबकला. तिथे एक लोखंडी हूक आटे फिरवून बसवलेला होता, गाडी ओढून नेताना दोर बांधतात तो. चालवून नेणारा चोर हूक कशाला बसवील? मी तिथेच उन्हात उभा राहिलो. 'गाडी हालतच न्हाई' हे ड्रायव्हरचे पहिल्या दिवशीचे वाक्य आता समजत होते.

फिर्यादीच्या फाईलमध्ये टायरचे एक बिल होते, त्यावर पुण्याच्या गॅरेजचा नंबर. फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, "ती लाल? तिचा क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही गेलेत. खर्चाचा अंदाज देऊन महिना झाला. मालक परत आलेच नाहीत. टोचन करून ओढल्याशिवाय ती फूटभर सरकायची नाही."

फिर्यादीला बोलावले. हुकाचा फोटो आणि गॅरेजचा अंदाज समोर ठेवला. त्याने फोटो पालथा ठेवला. मग बोलायला लागला.

"अठ्ठावीस लाखाला घेतली साहेब. नवी कोटीच्या वर. लोक म्हनले, फुकट घावली. पहिल्या उन्हाळ्यात टायर गेले. मंग ब्रेक. साधा सेन्सर गेला तरी परदेशातून मागवायचा, महिनाभर गाडी उभी. गाडी जुनी झाली तरी तिचं सामान नव्याच्याच भावात. आता क्लच-गिअरबॉक्सचे नऊ लाख."

"विकून टाकायची होती."

"बंद गाडी कोन घेतं? दारात उभी राह्यली की येनारा-जानारा विचारतो, काय शेठ, आज नवरदेव न्हाई का? ताडपत्री टाकली, तर म्हनले, नवरी लाजली. जेवन जात नव्हतं साहेब."

त्याने स्वतःच्या पिकअपला दोर बांधून ती खाणीपर्यंत नेली होती.

"आणि ड्रायव्हरचं नाव?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माझ्या मनात नव्हतं. तुमीच विचारलं, संशय कोनावर. कायतरी सांगावं लागत व्हतं."

खोट्या फिर्यादीबद्दल आणि विम्याच्या फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. वरिष्ठांनी तपासाचे कौतुक केले. मी कबुलीच्या दुपारीच शेरा बदलून पडताळणीचा कागद पाठवला. बसच्या ठेकेदाराने फोनवर सांगितले, "साहेब, आम्ही दोन दिवसांपूर्वीच दुसरा माणूस घेतला. प्रलंबित म्हटल्यावर कोण थांबतं?"

ड्रायव्हरच्या खोलीला कुलूप होते. घरमालकीण म्हणाली, "पोलिसाचं लफडं नको म्हणून आम्हीच खाली करा म्हणालो. परत ऊसतोडीला जाणार म्हणत होते."

माझे आईवडीलही कोयता घेऊन जायचे. एका गुरुजींनी मला वसतिगृहात ठेवून घेतले, म्हणून मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दिवाळीनंतर शोध घेत मी एका साखर कारखान्याच्या फडावर गेलो. ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्या रचत होता. मला पाहून खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. अजून काही चौकशी राहिली आहे, असे त्याला वाटले असावे.

"तुमच्यावरचा संशय गेला," मी म्हणालो. "तुम्ही खरं सांगत होता."

"बरं झालं साहेब."

"मुलगी कुठं आहे?"

"त्या पाचटाच्या कोपीत. धाकट्या भावाला संभाळती, भाकरी करती."

"वसतिगृहाचं मी बघतो. उद्याच सोय करतो."

त्याने पायाजवळची मोळी उचलली. "आता मधीच कसं? तिची आय आजारी हाय, मानूस कमी पडतं. फुडल्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मी शाळेत जाऊन आलो. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, तिचे लग्न ठरल्याचे ऐकले. ते लग्न थांबवायला आमचे पथक त्यांच्या गावी जाऊन आले, घर बंद होते. त्यांची ऊसतोडीची टोळी त्या साली कर्नाटकात गेली होती.

नीटनेटका माणूस खरा आणि अंगाला ग्रीस लागलेला खोटा, असे मी कधी ठरवले नव्हते, पण वागलो तसाच. गाडीचे खरे त्या गाडीवर राबणाऱ्यालाच ठाऊक असते, एवढे या प्रकरणाने मला शिकवले. तीस वर्षांच्या नोकरीनंतर शिकलो. त्या शिकण्याची किंमत मात्र सातवीतल्या एका मुलीने भरली.