पाद्रीबाबांना पेज पाजणारी रुजायमावशी

रुजायमावशी गेली, हे मला मासळीवालीनं सांगितलं. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, “बाय, खाडीवरची तुमची मावशी गेली काल... बांगडे देऊ काय?” रडू की भाव करू, हे न कळून मी दोन्ही केलं. मावशीला ते आवडलं असतं. भाव पाडायचा सोडून नुसती रडत बसलेली भाची तिला चालली नसती.

महिना झाला त्याला. आता लिहायला हरकत नाही; वाचून चुका काढायला ती नाही...

आमचं गाव जयगडच्या खाडीत, बरंच आत. वडलीमाय, म्हणजे माझ्या आईची आई, तिचा बाप आणि आणखी तीन घरं गोव्याकडून पडावात बसून तिथं उतरली. का उतरली, हे प्रत्येक घर निराळं सांगे. कुणी म्हणे दुष्काळ, कुणी म्हणे कर. वडलीमाय म्हणे, “पडावातली फेणी संपली म्हणून!” त्यांनी आधी सड्यावर लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस, रोवला, मग त्यावर झावळ्यांचं छप्पर घातलं, आणि पुढं दर रविवारी प्रार्थना झाली की घरटी एकेक चिरा डोक्यावरून आणून तांबडी, बुटकी इगर्ज, आमचं चर्च, उभी केली. इगर्ज झाली, पण तिला स्वतःचा पाद्री नव्हता. तो रत्नागिरीहून लाँचनं कधीमधी यायचा, आणि पावसाळ्यात लाँच बंद. त्या चार महिन्यांत जो मरेल तो पाद्रीशिवाय मातीत जायचा. माझा आजा तसाच गेला. तेव्हापासून वडलीमायचा एकच धोशा, “मी पाद्रीशिवाय जायची नाय.”

साल पस्तिसाच्या आसपासचं असेल. वसईकडचे एक तरुण पाद्रीबाब आले. बिशपांनी सांगितलं होतं, जागा मानवली तर राहा, नाहीतर पावसाआधीच्या शेवटच्या लाँचनं परत या. झालं! प्रत्येक घरानं एकेक दिवस त्यांचं जेवण वाटून घेतलं. एरवी आम्ही पेज आणि सुका बांगडा खाणारी माणसं. पण पाद्रीला पेज वाढायची म्हणजे लाजच. पेजेची मडकी माळ्यावर गेली. पहिल्या घरी कोंबडा, दुसऱ्या घरी डुकराचं सोरपोतेल, तिसऱ्या घरी त्याहून तिखट कोंबडा. आठवडा संपता संपता पाद्रीबाबांचा चेहरा हळदीसारखा झाला, आणि त्यांनी पेटी भरली.

मी नऊ वर्षांची, आणि आपण पुढं सांतीण, म्हणजे संत बाई, होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. घरातला पंचा डोक्याला गुंडाळून मी तसबिरीतल्या सांतिणीसारखी मान तिरकी करून चालत असे. तर ही भावी सांतीण धक्क्यावर गेली आणि पाद्रीबाबांच्या पेटीवर बसली. मी उठलेच नाही तर पेटी चढणार नाही, पेटी नाही तर पाद्री नाही. एवढीच अक्कल.

तेवढ्यात रुजायमावशी आली. आईची सगळ्यांत धाकटी बहीण; वीसेक वर्षांची, जिभेची कोयती. मळ्यात निघालेली, कमरेवर मडकं.

“ए सांतीण, ऊठ गो! पाद्रीबाब, तुम्ही चाललात तेच बरं. आणखी आठ दिवस राहिलात तर गावात एक कोंबडा उरायचा नाय. मग पहाटे मिसेच्या प्रार्थनेला आम्हांला उठवणार कोण?”

पाद्रीबाब प्रथमच हसले. मग मडक्याकडे बघून म्हणाले, “त्यात काय आहे?”

“पेज. खारातली कैरी. आमचं खाणं हो, तुमचं नव्हे.”

“आठ दिवस हे कुठं होतं?”

“माळ्यावर लपवलेलं.”

ते पेटीवर माझ्या शेजारी टेकले. मावशीनं करवंटीत पेज ओतून दिली. एक करवंटी गेली, दुसरी गेली. पावसाआधीच्या त्या शेवटच्या लाँचनं भोंगा दिला. तिसरी पुढं धरत पाद्रीबाब म्हणाले, “कैरी आणखी आहे?” लाँच गेली. मी अजून पेटीवरच होते आणि हा चमत्कार माझ्या बसण्यानं झाला, असं पुढं कित्येक वर्षं समजत होते.

पण वडलीमायचं काय? पाद्री फुकट जाऊ नये म्हणून मी त्या पावसाळ्यात रोज सकाळी तिच्या नाकाखाली बोट धरून बघे. ती डोळे न उघडता ओरडे, “मेलें नाय अजून! चहा आण!” ती पुढं कितीतरी पावसाळे जगली आणि गेली ती भर एप्रिलात, लाँच चालू असताना. पाद्रीबाब उशाशी होते. त्यांना म्हणाली, “उगाच अडकवून ठेवलं हो तुम्हाला.”

त्यानंतर जो जो नवा पाद्री आला, त्याला पहिल्या दिवशी रुजायमावशीनं पेजच वाढली. का, ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

परवा तिच्या महिन्याच्या मिसेला गेले होते. आत्ताचे पाद्रीबाब माझ्या नातवाच्या वयाचे. गंभीरपणे म्हणाले, “आपल्या पूर्वजांनी गोव्याहून आणलेली पेजेची ही पवित्र प्रथा रुजायबाईंनी अखेरपर्यंत जपली.” पहिल्या बाकावर माझे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं, मी रडतेय. तिनं रुमाल दिला. घेतला... थोडा वापरलाही.

मिसेनंतर इगर्जीमागच्या स्वयंपाकघरात गेले. चुलीवर पेज होती आणि खुंटीला मावशीची डवली, करवंटीची, दांडा सुतळीनं आवळलेला. ती घेऊन वाढायला बसले. पाद्रीबाब पुढ्यात येऊन म्हणाले, “आजी, ही प्रथा नेमकी किती जुनी असेल?”

“आधी खा बाबा,” मी म्हटलं. “पेज निवते. इतिहास नाय निवत.”