नामदेवरावांचा उजवा हात

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली आणि हैदराबादच्या बल्दियात, म्हणजे महापालिकेत, मतांनी निवडलेली माणसं बसू लागली. आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्याने नामदेवरावांना निवडून दिलं. इतका अदबशीर नगरसेवक बल्दियाने पुन्हा पाहिला नसेल. शिंक आली तरी गृहस्थ आधी परवानगी मागायचे.

कचेरीत उभी हयात ते भगवंतरावांच्या हाताखाली कारकून होते. साहेब बसल्याशिवाय बसायचं नाही, साहेबांच्या आधी चहाला ओठ लावायचा नाही. आता साहेबही निवडून आलेले; सभेत दोघे शेजारी शेजारी आणि दोघांनाही मत एकेकच. पण हे नामदेवरावांच्या उजव्या हाताला कोण सांगणार?

आमच्याच मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मालनबाईंच्या गल्लीला नळ द्यायचा ठराव आला. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा," असं म्हणताच नामदेवरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मस्त डुलक्या घेत होते. साहेबांच्या आधी हात? तोबा! ठराव एका हाताने पडला.

नामदेवराव महापौरांकडे धावले. "हुजूर, आपणच हुकूम काढा."

"कसला हुकूम? मला या खुर्चीत सभेनंच बसवलंय. सभा नको म्हणाली की माझ्या सहीनं नळ यायचा नाही. सहा महिने थांबा, मग ठराव पुन्हा आणा."

दुसऱ्या दिवसापासून नामदेवराव मालनबाईंसाठी विहिरीवरून पाणी आणू लागले. म्हातारीचे गुडघे गेलेले. ओट्यावर बसून ती विचारायची, "कोण हो तो मेला, हात वर न करणारा?"

"होता एक."

"झडो त्याचा हात!"

"झडो," म्हणत नामदेवराव त्याच हाताने घागर उतरवायचे. घरी गेल्यावर त्या हाताने घास उचलवत नसे.

सहा महिन्यांनी ठराव परत आला. तो वाचून संपायच्या आतच नामदेवरावांचा हात वर! भगवंतराव दचकून जागे झाले.

"नामदेव, माझ्या आधी?"

"माफी असावी, साहेब." हात मात्र खाली आला नाही. ठराव मंजूर झाला.

नामदेवराव थेट मालनबाईंच्या ओट्यावर. "बाई, तो हात माझाच होता."

"ठाऊक आहे की. त्याच दिवशी कळलं."

"मग रोज शिव्या का घातल्यात?"

"नाहीतर पाणी कुणी आणलं असतं?"

नळ बसायला अजून अवकाश होता. नामदेवरावांनी मान खाली घातली, घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली.