कॅमेऱ्याच्या काचेआतलं दव

मेढ्याच्या डोंगरभागातली ती तक्रार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी आता खात्यात नाही. काही वर्षं उपनिरीक्षक म्हणून काम केलं, मग राजीनामा दिला आणि सांगलीला विश्रामबागेत राहायला आले. कारण घरचं होतं, ते इथे सांगत नाही. पण सकाळी जाग आली की अजूनही हजेरीची वेळ झाली असं वाटतं, आणि मग खिडकीबाहेर डोंगर नाही हे लक्षात येतं.

नावं कुणाचीच देणार नाही. गाव लहान आहे.

दिवस थंडीचे होते. टपालात एक पत्र आलं. जवानाच्या घरी काही अडचण असली की त्याच्या युनिटकडून पोलीस अधीक्षक कार्यालयाला पत्र येतं, तिथून ते ठाण्यात उतरतं आणि आठवड्यात अहवाल द्यावा लागतो. या जवानाची आई गावी एकटी होती. सुट्टीवर आला तेव्हा त्याने घराच्या ओसरीवर बाहेरच्या बाजूने कॅमेरा बसवला होता, म्हणजे सीमेवरून मोबाईलवर घर दिसेल. पण महिनाभर रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास कॅमेऱ्यासमोर कुणाचा तरी हात येत होता आणि चित्र पांढरं होत होतं. नऊ-साडेनऊला आपोआप साफ. त्याचा संशय चुलत भावावर होता. दोन घरांत बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद होतं. पत्राला तीन फोटो जोडले होते. दोन फोटोंत चुलत भाऊ अंगणापुढच्या रस्त्यावर हात उंचावून उभा दिसत होता. तिसऱ्यात काचेला भिडलेला एक धूसर तळवा.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात या चुलत भावाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर होता. तो सैन्यभरतीत निवडला गेला होता. ठाण्याचा शेरा साफ गेला तरच पुढे. त्याच्यावर साधी प्रतिबंधक कारवाई जरी झाली, तरी अर्ज त्या शेऱ्यासकट जाणार होता.

त्या गावांची जबाबदारी असलेले आमचे बीट हवालदार निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी फोटो लांब धरून पाहिले.

“मॅडम, फोटो हाय, हात हाय, बांधाचं भांडण हाय. अजून काय पायजे?”

“हात आहे, पण काय करतोय ते कुठे दिसतंय?”

“आता ते इंग्रजी शाळेत शिकल्यालं डोकं चालवा तुमी,” ते हसले. “मी गाडी काढतो.”

आम्ही गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. कॅमेरा ओसरीच्या खांबावर होता, तोंड अंगणाकडे. काच स्वच्छ होती. खांबाशेजारीच आंघोळीचं पाणी तापवायची चूल. जवानाच्या आईने चहा केला. मी कॅमेऱ्याची उंची मोजली, रस्त्याचं अंतर मोजलं, टिपणं घेतली. ती दाराशी उभी राहून बघत होती. मी चहा प्यायले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी चुलत भावाला ठाण्यात बोलावलं. बावीस-तेवीसचा, उन्हाने रापलेला, काटक. खुर्ची दिली तरी बसेना.

“रोज सकाळी चुलतीच्या घरापुढून का जातोस?”

“पळाय जातो मॅडम. भरतीपासनं सवय हाय. रस्ता त्योच हाय.”

“आणि हा हात?” मी फोटो पुढे केला.

तो फोटोकडे बघत राहिला. कानापर्यंत लाल झाला.

“दादाला करतो.”

“कुठल्या दादाला?”

“ह्योच की. त्यानंच तक्रार केलीया न्हवं? त्यो तिकडनं बघत असंल म्हणून हात करतो. ल्हानपणी त्यानंच मला पळाय शिकवलं. घरात बोलणं बंद हाय, पर हात केला तर काय बिघाडलं?”

हवालदारांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

खोटं बोलणारा माणूस उत्तर देताना समोरच्याचा चेहरा वाचतो, हे मी तोवर शिकले होते. हा माझ्याकडे बघतच नव्हता. तरी माझ्या वाटण्याला अहवालात जागा नसते. म्हणून साताऱ्याहून कॅमेरे बसवणारा एक माहीतगार माणूस बोलावला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्या घरी गेलो. दरीत धुकं भरलं होतं. कॅमेऱ्याची काच दुधाळ झाली होती. मी रुमालाने पुसली, फरक पडला नाही. दव आतून होतं.

माहीतगाराने पुढची गोल काच हाताने फिरवली. ती सहज निघाली.

“ह्ये बघा मॅडम. हितं रबरी कडं असतं, हवा आत जाऊ नये म्हणून. ते हाय कुठं? त्याच्याबिगर दमट हवा आत कोंडती, गारठ्यानं काचंवर पाणी धरती. ऊन लागलं की सुकतं.”

“कडं आपोआप पडेल?”

“छ्या! आटे बघा किती गुळगुळीत झाल्यात. ही काच रोज निघती.”

हवालदारांनी काच हातात घेतली. आतल्या बाजूला कडेला तपकिरी बोट उमटलं होतं. त्यांनी काच नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मिसरी,” ते हळूच म्हणाले.

तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती पूड आमच्याकडच्या बाया सकाळी उठल्या उठल्या बोटाने दातांना लावतात. पळायला जाणारा पोरगा नाही लावत. मी दोघांनाही गाडीकडे जायला सांगितलं आणि चुलीपाशी जवानाच्या आईशेजारी बसले. पाणी उकळत होतं.

“मावशी, काच तुम्ही काढता?”

ती उठली, आत गेली, मिसरीच्या डबीतून रबरी कडं आणून तिने माझ्या हातावर ठेवलं.

“पयल्यांदा पुसायला काढली गं पोरी. अवकाळी पावसात धुरकाटली हुती. त्याचा फोन आला, आई, तू दिसंनास. मी पदरानं पुसली. ह्ये कडं पडलं, मला बसवता आलं न्हाई.”

“मग आता रोज?”

ती चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली.

“कॅमेरा न्हवता तवा रोज फोन करायचा. जेवलीस का, पाय दुखतोय का. कॅमेरा लावला आन् फोन कमी झाला. म्हनायचा, आई, दिसतीस की तू मला, बरी हायस. धुरकाटलं की फोन येतो बघ. लगीच येतो.” तिने पदर तोंडाला लावला. “मग मी काच काढून जरा वाफंवर धरती, परत लावती. त्याला मी दिसती गं. मला त्यो कुठं दिसतो?”

मी तिला पुतण्याच्या अर्जाचं सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ताडकन उभी राहिली.

“आगं बया! माझ्यापायी त्या लेकराची भरती जाती काय? चल, कुठं अंगठा द्यायचा तिथं देती. बांध गेला खड्ड्यात.”

गाडीत बसल्यावर मात्र तिचा आवाज बसला. “माझ्या ल्योकाच्या सायबास्नी कळंल का गं? पोराला हसतील समदी.”

ती पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढत होती. तिचा जबाब मी लिहून घेतला, वाचून दाखवला. अहवाल लिहायला मात्र मला अर्धा दिवस लागला. शेवटी लिहिलं ते असं: कॅमेऱ्याच्या पुढील भागातील रबरी कडे साफसफाईच्या वेळी निघाल्याने आत दमट हवा शिरून काचेवर बाष्प साचत होते, यात अर्जात नमूद चुलत भावाचा संबंध दिसून येत नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पडताळणीच्या अर्जावर त्याच दिवशी साफ शेरा मारला.

उरलेलं मी जवानाला फोनवर सांगितलं. चुलत भाऊ हात कुणाला करत होता तेही सांगितलं.

“मॅडम, मी रोज बघत होतो तिला,” तो म्हणाला. “ड्युटीवर जायच्या आधी. रोज.”

“तिला ते कसं कळणार?”

“...ती तिथं आहे का आता?”

ती बाहेर बाकावर होती. मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि केबिनमध्ये परत आले. दाराआडून तिचं पहिलं वाक्य कानावर आलं: “आवाज का रं असा? थंडी लय हाय व्हय तिकडं?”

माहीतगाराने कडं बसवलं, आत ओल शोषणारी पुडी ठेवली, कॅमेरा चुलीपासून लांब हलवला. चुलत भाऊ महिन्याभरात ट्रेनिंगला गेला. जाताना चुलतीच्या पाया पडून गेला, असं हवालदारांनी सांगितलं. बांधाचं भांडण मिटलं की नाही, मला माहीत नाही.

या प्रकरणात माझी चूक झाली होती. पहिल्या दिवशी मी उंची मोजली, अंतर मोजलं, पण दाराशी उभ्या असलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नाही. ती ना तक्रारदार होती, ना संशयित. मी स्वतः कमी बोलणारी. निदान मला तरी तिचं गप्प उभं राहणं दिसायला हवं होतं. एक दिवस आधी विचारलं असतं तर त्या मुलाला ठाण्यात फोटोसमोर उभं राहावं लागलं नसतं. त्यानंतर जेवढे दिवस नोकरीत होते तेवढे दिवस, कुठल्याही घरात गेले की सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाशेजारी मी आधी जाऊन बसले.